सोसायटीचे गार्ड, त्यांचे अधिकार आणि आपल्या समजुती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशासाठी?

चार विंग, दोन गेट आणि घर तितकी मतं, असं सांगलीतलं आपलं संकुल आहे. सुरक्षेचं काम तीन वर्षं माझ्याकडं होतं. त्या काळात इंटरकॉमवर, लिफ्टमध्ये, एकदा तर गणपती मंदिराच्या रांगेत उभं असताना लोकांनी जे जे विचारलं, ते इथं उतरवलंय. कलमं तपासून घेतली आहेत, पण मी वकील नाही. प्रकरण हातघाईवर आलं असेल तर हे पान बंद करा आणि वकिलाला गाठा.

गेटवरचे गार्ड म्हणजे आपले खासगी पोलीसच ना?

नाहीत. आपल्याकडं खासगी पोलीस असा प्रकारच नाही. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून सगळे त्याला ‘पसारा’ म्हणतात. नाव ऐकून हसू नका, या धंद्यात ‘पसारा लायसन्स’ हा रोजचा शब्द आहे. या कायद्यानं एजन्सीला परवाना दिलाय आणि गार्डला ओळखपत्र दिलंय. पोलिसाचा एकही अधिकार दिलेला नाही.

पण अमेरिकेत तर सोसायट्यांचे स्वतःचे पोलीस असतात म्हणे?

हा प्रश्न दर वार्षिक सभेत येतो, कारण कुणाचा तरी मुलगा तिकडं असतोच. सगळीकडं नाही, पण काही ठिकाणी असतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात को-ऑप सिटी नावाची वसाहत आहे. १९६८ ते १९७३ या काळात ती उभी राहिली. ३५ उंच इमारती, १५,३७२ घरं, आणि विशेष म्हणजे तीही आपल्यासारखी सहकारी. तिचा स्वतःचा सुरक्षा विभाग आहे. त्यातल्या अधिकाऱ्यांना न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानं ‘पीस ऑफिसर’ हा दर्जा मिळतो आणि ते अटक करू शकतात. मात्र तो अधिकार सोसायटीच्या ठरावातून आलेला नाही, राज्यानं कायदा करून दिलाय. आपल्या वार्षिक सभेनं एकमतानं ठराव केला तरी गार्डला अटकेचा अधिकार मिळत नाही. ठरावाच्या वहीत ती ताकद नसते.

मग गार्डला अधिकार आहेत तरी कुठले?

जे तुम्हाला-मला आहेत तेच, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० कुठल्याही सामान्य माणसाला अटक करू देतं, पण अटी घालून. गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा. तो दखलपात्रही हवा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्रही (ज्यात जामीन हक्कानं मिळत नाही), दोन्ही एकदम. (न्यायालयानं फरार घोषित केलेला माणूस असेल तर त्यालाही धरता येतं.) आणि धरल्यावर विनाकारण वेळ न काढता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ही सहा तासांची मर्यादा जुन्या कायद्यात नव्हती.

आता हे आपल्या आवारात आणून बघू. रात्री दोन वाजता कुणी ‘बी’ विंगमधल्या बंद फ्लॅटचं कुलूप तोडतोय आणि गार्डनं ते पाहिलं, तर तो त्याला धरून ठेवू शकतो. पार्किंगमधून स्कूटर ढकलत नेतोय आणि पाहिलं, तरी शक्य. पण दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही बघून ‘हाच तो’ असं म्हणत गेटवर एखाद्याला पकडलं, तर ते कलम ४० मध्ये बसत नाही, कारण गुन्हा गार्डसमोर घडलेला नाही. तिथं फक्त पोलिसांना कळवायचं.

सायकलची घंटी किंवा पाण्याच्या नळाची तोटी काढणारं पोरगं सापडलं तर? पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे गार्डनं अटक करायची नाही. नाव विचारावं, आई-बापाला बोलवावं, समितीला कळवावं. तीच वस्तू घरात शिरून उचलली असेल तर मात्र ती घरातली चोरी, तिचं कलम वेगळं, आणि किंमत कितीही असो, गुन्हा अजामीनपात्र. दाराबाहेरच्या स्टँडवरची चप्पल घरातली की बाहेरची, यावर आमच्या समितीत पाऊण तास चर्चा झाली होती. निष्कर्ष असा निघाला की चपला आत ठेवाव्यात.

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क गार्डलाही आहे. पण बचावापुरतं बळ वापरायचं, त्याच्या पलीकडं नाही.

चोर सापडला तर आधी दोन ठेवून द्यायला काय हरकत आहे?

हरकत अशी की मग फिर्यादी तो होतो आणि आरोपी आपण. बांधून घालणं, खोलीत कोंडणं हे वेगळे गुन्हे आहेत. गेटवर गर्दी जमली की गार्डनं पहिलं काम करायचं ते गर्दी मागं सारण्याचं. आमच्या गार्डना तेवढं मी घोकून घेतलं होतं.

कामवाल्या मावशींच्या पिशव्या तपासल्या जातात, ते कायदेशीर आहे का?

झडती घेण्याचा अधिकार गार्डला नाही. माणसानं आपण होऊन पिशवी उघडून दाखवली तर ती बघता येते. नकार दिला तर पिशवीला हात लावायचा नाही. पुरुष गार्डनं बाईच्या पिशवीत हात घालण्याचा तर प्रश्नच येत नाही.

कायदा बाजूला ठेवून माझं मत सांगतो. पंधरा वर्षं ज्यांच्या हातचं आपण खातो, त्यांची पिशवी रोज संध्याकाळी गेटवर उघडायला लावायची आणि इस्टेट एजंटबरोबर आलेल्या अनोळखी माणसाला सलाम ठोकायचा, याला सुरक्षा म्हणत नाहीत. आम्ही ही पद्धत बंद केली. घरातून मोठी वस्तू बाहेर न्यायची असेल तर घरमालकाची चिठ्ठी किंवा इंटरकॉमवर होकार, एवढंच ठेवलं. फ्रिज असो की जुनी साडी असो, नियम एकच, आणि तो सभासदांनाही लागू.

गार्डना खाकी कपडे द्या, जरा वचक राहील.

देता येत नाहीत. पसारा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पोलीस किंवा लष्कर, नौदल, हवाई दलाच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख गार्डनं घातला तर तो आणि एजन्सीचा मालक दोघंही शिक्षेला पात्र होतात : एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून आपल्याकडं निळा शर्ट आहे. उन्हाळ्यात तो घामानं चिकटतो ही तक्रार खरी आहे, आणि सुती कापड मागायला हवं होतं हेही खरं.

एजन्सी चांगली की वाईट, कसं ओळखायचं?

दरपत्रक शेवटी बघायचं. आधी परवाना. तो पाच वर्षांसाठी असतो आणि एजन्सीच्या कार्यालयात दिसेल असा लावलेला असावा लागतो. विनापरवाना एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याची प्रत मागितल्यावर जो ‘साहेब, आणून देतो’ म्हणत महिना काढतो, त्याला तिथंच रामराम करा.

मग गार्डची कागदपत्रं : वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी, फोटोचं ओळखपत्र आणि प्रशिक्षण. नियमांप्रमाणे १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावरचं, कमीत कमी वीस दिवसांत पसरलेलं. कागदावर हे सगळ्यांचं झालेलं असतं. खरं झालंय का हे कळायला सोपी युक्ती आहे. गार्डला आग विझवायचं नळकांडं हातात द्या आणि पिन कुठली ते विचारा. आमच्याकडं आलेल्या पहिल्या पाचांपैकी एकालाच सांगता आलं, आणि तो आधी साखर कारखान्यात होता.

माजी सैनिकच ठेवावेत, असं काही आहे का?

सक्ती नाही. सैन्य, पोलीस, होमगार्ड यांतून आलेल्यांना एजन्सीनं प्राधान्य द्यावं असं कायदाच सुचवतो आणि माजी सैनिक आणि माजी पोलिसांचं प्रशिक्षणही कमी तासांचं असतं, ४० अधिक १६. मात्र गैरवर्तनामुळं नोकरीतून काढलेला चालत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात ‘अपशिंगे मिलिटरी’ असं नावच पडलेलं गाव आहे, म्हणजे आपल्या भागात पेन्शनवर आलेल्या जवानांचा तुटवडा नाही. पण फौजेत वीस वर्षं काढलेल्या हवालदाराला ‘ए वॉचमन’ अशी हाक मारली की तो दुसऱ्या महिन्यात निघून जातो. दोनदा अनुभव घेतलाय.

रात्री गार्ड झोपतात. यावर कधी काही करणार आहात?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. पुरावा म्हणून मोबाइलवर काढलेले फोटोही येतात, बहुतेक पहाटे चारचे. म्हणजे फोटो काढणारे जागे असतात.

आधी हिशेब बघा. एक गेट चोवीस तास चालवायचं तर आठ तासांच्या तीन पाळ्या. आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात. एक माणूस सुटी धरून आठवड्याला सहा पाळ्या करतो. म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं आणि दोन गेटना सात. आपण पैसे देत होतो चारांचे. मग चार माणसं बारा-बारा तास करणार, सुटीच्या दिवशी बदली नाही म्हणून एखादा सलग चोवीस तास बसणार, आणि त्यातला एक जण दिवसा हळदीच्या पेठेत पोती उचलून आलेला असणार. त्याला पहाटे चारला झोप लागली तर दोष नेमका कुणाचा, यावर सभेत मी बोललो तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

केलं ते असं : रात्रपाळी आठ तासांची केली. चार ठिकाणी फेरीचे ठिपके ठरवून दर तासाला तिथं वेळ नोंदवायची पद्धत घातली. कारण बसलेला माणूस झोपतो, चालणारा झोपत नाही. आणि केबिनजवळ संडास बांधला. होय, तोवर नव्हता. एवढं मोठं संकुल, क्लब हाउसला इटालियन फरशी, आणि गार्डनं जायचं कुठं तर मागच्या भिंतीशी. तो बांधायच्या ठरावाला तीन सभासदांनी विरोध केला होता.

सात माणसांचे पैसे कुठून आणायचे?

आपल्याच मेंटेनन्समधून, दुसरीकडून कुठून येणार? सहकारी गृहनिर्माण संस्थेत आदर्श उपविधींप्रमाणे सुरक्षेचा खर्च सेवाशुल्कात येतो आणि तो सगळ्या सदनिकांवर सारखा वाटला जातो, फ्लॅट वन बीएचके असो की फोर. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत तो घोषणापत्रातल्या हिश्श्याप्रमाणे असतो. आपली संस्था सहकारी आहे, म्हणून सारखा.

स्वस्त दराच्या मोहात पडू नका. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), बदली माणूस, गणवेश आणि वर १८ टक्के जीएसटी एवढं धरल्यावर एका माणसाचा जो आकडा येतो, त्याच्या खाली कुणी दर दिला तर तो कुणाचे तरी पैसे मारणार, आणि ते गार्डचेच असतात. ठेकेदारानं वेतन किंवा निधी बुडवला तर मुख्य मालक म्हणून, म्हणजे ठेकेदाराकडून काम करून घेणारी म्हणून, बोट संस्थेकडंही वळतं. म्हणून दर महिन्याच्या बिलाबरोबर निधी भरल्याचं चलन आणि बँकेतून पगार जमा झाल्याचा पुरावा मागायचा. तो आल्याशिवाय बिलावर सही नाही. सही अडली की चलन तिसऱ्या दिवशी येतं, हेही पाहिलं.

महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. मंडळामार्फत नोंदणीकृत रक्षक घेता येतात. एजन्सीशिवाय हाही एक मार्ग आहे.

बंदूकधारी गार्ड ठेवू या का?

नको.

माझ्या गाडीला ओरखडा पडलाय. सीसीटीव्ही फुटेज मला लगेच दाखवा.

लगेच म्हणजे गार्डच्या केबिनमध्ये उभं राहून नाही. कॅमेऱ्यात फक्त तुमची गाडी नसते. कोण कधी आलं, कुणाबरोबर गेलं, सगळं असतं. लेखी अर्ज द्या. समितीचा एक जण बसून तेवढ्याच वेळेचं चित्रण दाखवेल. उशीर करू नका, कारण नवं चित्रण जुन्यावर चढत जातं.

पोलिसांनी मागितलं तर लेखी मागणीवर द्यायचं आणि पोच घ्यायची. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर नुसता पेनड्राइव्ह चालत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्या गार्डला काढावं लागलं. तो व्हिडिओ पुढं पाठवणाऱ्या सभासदांना मात्र काढता येत नाही.

कुणी माझ्या जागेवर गाडी लावली तर गार्डनं हवा सोडावी का?

नाही. जॅमरही नाही, काच फोडणं तर नाहीच. नंबर लिहून घ्यायचा, मालकाला फोन करायचा. आडमुठेपणा चालू राहिला तर संस्थेनं नोटीस द्यायची.

भाड्यानं राहणाऱ्या मुलांकडं रात्री मित्र येतात. गार्ड त्यांना अडवत का नाही?

कारण ते त्यांचं घर आहे. कोण आलं, कुठल्या फ्लॅटला आलं, फोन करून विचारलं का, ही नोंद गार्डचं काम. कुणाकडं कोणी यावं हे ठरवणं त्याचं काम नाही, समितीचंही नाही. आवाज फार झाला तर सभासद म्हणून तुम्ही बेल वाजवा, आणि नाहीच ऐकलं तर पोलीस आहेत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हे घरमालकाचं काम. तो ते विसरतो आणि मग गार्डनं लक्ष ठेवावं अशी त्याची अपेक्षा असते.

पैसे भरून खरे पोलीस बसवता येतील का?

मोठ्या कार्यक्रमापुरते, हो. महाराष्ट्र पोलीस कायद्यात अर्जदाराच्या खर्चानं जादा पोलीस देण्याची तरतूद आहे. अर्ज पोलीस अधीक्षकांकडं जातो आणि निर्णय त्यांचा. रोजच्या गेटसाठी हे परवडणारं नाही, आणि मिळणारही नाही.

पूर आला तर गार्डनं काय करायचं?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत कुणी विचारत नसेल. आपल्याकडं जूनपासून सुरू होतो.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता इथं पाणी शिरल्याच्या बातम्या आल्या की आपण टीव्ही बघत बसतो, आणि आपल्या मागच्या नाल्याला फुगवटा येतो तेव्हा धावपळ होते. त्या वर्षी रात्रपाळीच्या मामांनी जिन्याच्या पायरीवर दर तासाला खडूनं रेघ मारून ठेवली होती. पाणी तासाला किती चढतंय हे आम्हाला त्या रेघांवरून कळलं, व्हॉट्सअॅपवरून नाही. व्हॉट्सअॅपवर त्या रात्री धरणच फुटलं होतं.

त्यानंतर यादी करून केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. पातळी ३५ फुटांवर गेली की गाड्या हलवायचा फोन सगळ्यांना. चाळिशीला लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन वीज बंद, कारण खड्ड्यात पाणी शिरलं की लिफ्टचा खर्च लाखांत जातो. पाण्याच्या टाकीचं झाकण बांधून टाकायचं. मीटरच्या खोलीची किल्ली वायरमनशिवाय कुणाला द्यायची नाही. कुठल्या फ्लॅटमध्ये एकटे म्हातारे आहेत, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाकडं बाळंतीण आहे, याची वेगळी वही, आणि कोण बाहेर पडलं त्यावर खूण. ही वही दर जूनमध्ये नव्यानं लिहायची. मागच्या वर्षीची बाळंतीण या वर्षी बाळंतीण नसते.

बोटीत कुणी किती बसायचं हे गार्डनं ठरवायचं नाही. ते काम आपत्ती दलाचं. २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली होती, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही.

आणि सगळे बाहेर पडल्यावर गार्डनं रिकाम्या इमारतीत थांबायचं का? काही सभासदांचं म्हणणं होतं, थांबावं, चोऱ्या होतात. चोऱ्या होतात हे खरं. पण त्या रात्री गेटवर होते त्या मामांचं घर सांगलीवाडीत. आमच्या गाड्या हलवायला ते फोन करत होते तेव्हा त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, आणि हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून नियम असा : शेवटचा सभासद निघाला की गार्डही निघतो, आणि त्या दिवसांचा पगार कापायचा नाही. रिकाम्या इमारतीची माहिती पोलिसांना लेखी द्यायची.

गार्ड मामांना सिलिंडर वर आणायला सांगितलं तर चालेल का?

गेट कोण बघणार मग?

काही घडलं तर आधी फोन कुणाला? समितीला की पोलिसांना?

११२ ला, मग समितीला. उलट क्रमानं झालं की समितीचे लोक आधी आपसात चर्चा करतात. हद्द सांगली शहर ठाण्याची की विश्रामबागची की संजयनगरची, यात अडकू नका. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गार्डनं घटनास्थळी काही हलवायचं नाही, वहीत वेळ लिहायची, आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं. ‘मला वाटतं’ हे शब्द त्या वहीत नकोत.

रात्री बारानंतर आलं की छोटं गेट उघडायला इतका वेळ का लागतो?

कारण मामा त्या वेळी ‘डी’ विंगच्या मागं फेरीवर असतात. तुम्हीच मागितलेली फेरी. हॉर्न वाजवू नका, दोन मिनिटं थांबा.